चेरी : झाडावरची आणि बरणीतली

लग्नाच्या पंगतीतील फ्रूट सॅलडमध्ये किंवा केकच्या माथ्यावर विराजमान झालेले लालभडक फळ आपण चेरी म्हणून खातो. आपल्याकडे ते बहुधा चेरी नसतेच. ते करवंद असते. कच्ची करवंदे मिठाच्या पाण्यात ठेवून, बिया काढून, गंधकयुक्त द्रावणाने त्यांचा मूळ रंग घालवतात. नंतर कृत्रिम लाल रंग देऊन ती साखरेच्या पाकात मुरवतात. करवंदाचा यात काही दोष नाही. सह्याद्रीतील ही ‘काळी मैना’ स्वतःच्या नावाने विकली जाण्याइतकी गुणी आहे. परंतु चेरीचे गुण ऐकून बरणी विकत घेणाऱ्याच्या पदरी पडते ती मुख्यतः साखर आणि रंग.

खऱ्या चेरीचे कूळ जर्दाळू, आलुबुखार आणि बदाम यांचे. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधला प्रदेश हे तिचे माहेर मानले जाते. तुर्कस्तानातील आजचे गिरेसुन म्हणजे प्राचीन केरासूस. या गावाचे आणि लॅटिनमधील चेरीचे नाव एकमेकांशी जोडलेले आहे. रोमन सेनापती लुकुलसने पोंटसच्या राजावर मिळवलेल्या विजयापूर्वी इटलीत चेरी नव्हती आणि पुढील १२० वर्षांत ती ब्रिटनपर्यंत पोहोचली, असे प्लिनीने नमूद केले आहे. युरोपातील त्याहून कितीतरी जुन्या वस्त्यांत चेरीच्या बिया सापडल्या आहेत. तेव्हा सेनापतीने आणले ते बहुधा अधिक चांगल्या जातीचे कलम असावे. ‘चेरी’ या शब्दाची कथाही गमतीची आहे. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाच्या शेवटचा ‘स’ हा अनेकवचनाचा प्रत्यय समजून इंग्रजांनी तो छाटून टाकला!

या फळाचा इतिहास म्हणजे कलमांचा प्रवास. १८४७ मध्ये हेंडरसन ल्युएलिंग यांनी बैलगाडीत मातीच्या पेट्या ठेवून शेकडो फळझाडांची रोपे अमेरिकेच्या आयोवातून ओरेगॉनला नेली. त्यांचे बंधू सेथ यांच्या बागेत १८७५ च्या सुमारास तयार झालेल्या गडद लाल जातीला तेथील चिनी मुकादम आ बिंग याचे नाव देण्यात आले. हीच आज जगप्रसिद्ध असलेली ‘बिंग’ चेरी. चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणारा कायदा १८८२ मध्ये झाला. मायदेशी गेलेला बिंग त्यामुळे परतू शकला नाही, असे सांगतात. त्याचे नाव मात्र बाजारपेठेत कायम राहिले.

काश्मीरलाही गोड चेरी कलमानेच आली. अकबराच्या काळात मुहम्मद कुली अफशारने काबूलहून ती आणून तेथे कलमे बांधली, अशी नोंद जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. तिचे तेथील नाव गिलास. देशातील बहुतेक चेरी काश्मीरची, आणि हंगाम मेपासून जेमतेम जुलैपर्यंतचा. सफरचंद शीतगृहात महिनोन्‌महिने थांबते, चेरी थांबत नाही. त्यामुळे येथे भावापेक्षा वाहतुकीचा वेळ मोठा. जून २०२५ मध्ये सुमारे २४ टन चेरी रेल्वेच्या पार्सल डब्यातून कटऱ्याहून मुंबईला रवाना झाली, ती याच निकडीपोटी.

आता आरोग्याचा हिशेब. शंभर ग्रॅम गोड चेरीत सुमारे ६३ कॅलरी, दोन ग्रॅम तंतू आणि २२० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ‘क’ जीवनसत्त्व जेमतेम सात मिलिग्रॅम. त्यासाठी आपला आवळा किंवा पेरू कितीतरी पटीने बरा. चेरीचे खरे भांडवल म्हणजे तिला गडद रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये. बोस्टन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये संधिवाताच्या ‘गाउट’ या प्रकाराच्या ६३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली होती, त्यानंतर दुखणे उसळण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी आढळला. हा परस्परसंबंध आहे, सिद्ध झालेला उपचार नव्हे. चालू औषध त्यावर विसंबून बंद करू नये. आंबट चेरीच्या रसाने झोप थोडी सुधारते, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. मधुमेही व्यक्तीने मूठभरच खावी. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारावे. बी फोडून खाऊ नये, तिच्यातून सायनाइड तयार होते.

बरणीतल्या करवंदाला यांपैकी एकही गुण लागू पडत नाही. तिच्यातील नेहमीचा रंग एरिथ्रोसिन, सांकेतिक क्रमांक १२७. युरोपात तो केवळ पाकातल्या आणि कॉकटेलच्या चेरींपुरता मान्य आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याची परवानगी रद्द करून उत्पादकांना दोन वर्षांची मुदत दिली. आयात मालावर क्रमांक १२० दिसल्यास तो रंग कोचिनील किड्यांपासून काढलेला असतो, आणि काही परदेशी बाटल्यांत फळ ब्रँडीत मुरवलेले असते. अहिंसा आणि मद्यत्याग पाळणाऱ्या घरात लेबलावरील ही बारीक अक्षरे वाचणे अगत्याचे.

ताजी चेरी घेताना देठ हिरवा आणि साल ताणलेली, चकचकीत पाहावी. देठ सुकला असेल तर माल शिळा समजावा. घरी आणल्यावर देठासकट, न धुता फ्रिजमध्ये ठेवावी आणि धुवावी ती खाण्याच्या वेळीच. काही फळांत माशीची अळी असते. म्हणून प्रत्येक फळ फोडून, आतून पाहूनच वाटीत घ्यावे.