घड्याळ न पाहिलेल्यांची औषधे

एचआयव्हीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘आफ्रिकेत औषधे पाठवून काय उपयोग? त्या लोकांना ती वेळेवर घेणे जमत नाही.’ शिकलीसवरलेली माणसेही हे छातीठोकपणे सांगतात. हे धादांत खोटे आहे आणि त्यापायी माणसे मेली आहेत.

या समजुतीवर सरकारी शिक्का बसला तो २००१ मध्ये. परदेशांना मदत देणाऱ्या ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारी संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी जाहीरपणे म्हटले, की आफ्रिकेतल्या अनेकांनी आयुष्यात घड्याळ पाहिलेले नाही. ठरल्या तासाला गोळ्या ते कशा घेणार? ‘नेटिवां’ना शिस्त नसते, हा साहेबी राज्याचा जुनाच सिद्धांत. पुरावा मात्र काहीच नव्हता.

पुरावा आला तो उलटा. त्याच वर्षी केप टाउनलगतच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेने एचआयव्हीवर उपचार सुरू केले आणि तिथले रुग्ण नेमाने गोळ्या घेऊ लागले. २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष छापला. पुरेशा नियमितपणे औषधे घेणारे रुग्ण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के!

अडले होते ते किमतीपाशी. वर्षभराच्या औषधांना माणशी दहा हजार डॉलरहून अधिक पडत. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’चे युसुफ हमीद यांनी तशीच तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

‘पुणेकरांनी १८९७ मध्ये प्लेगच्या उपायांना विरोध केला तो अंधश्रद्धेपोटी’ हेही असेच. खरा संताप होता गोऱ्या सोल्जरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्यांचा. शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची नवी लस मुंबईत त्याच वर्षी हजारोंनी टोचून घेतली.

‘कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार दक्षिण आफ्रिकेने जगाला दिला.’ नाही. तिथल्या आणि बोत्सवानातल्या शास्त्रज्ञांनी तो ओळखून जगाला सावध केले. त्याआधी घेतलेल्या नेदरलँड्सच्या नमुन्यांतही तो होता. प्रवासबंदी मात्र आफ्रिकेवर आली.

‘एमपॉक्सवर लस नाही, म्हणून आफ्रिकेत माणसे दगावतात.’ लस आहे. युरोप-अमेरिकेत ती २०२२ मध्येच दिली गेली. माणसाला हा आजार झाल्याची पहिली नोंद काँगोतली, १९७० ची. तिथे लशीची पहिली खेप उतरली सप्टेंबर २०२४ मध्ये.