लहान शेती, रिकामे हात आणि बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध

नववीच्या वर्गात इतिहास शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो : तुमच्या आजोबांकडे किती जमीन होती आणि आज वडिलांकडे किती आहे? काही मुले एकरांत उत्तर देतात, काही गुंठ्यांत. काही मात्र गप्प राहतात, कारण त्यांच्या घरी सातबारा नावाचा कागद कधी आलेलाच नसतो. आपल्या निवासी विद्यालयात ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांपासून दुरावणारी मुले आहेत, कोरडवाहू शेतकऱ्यांची आहेत आणि भूमिहीन मजुरांचीही आहेत. त्यांच्या घरचे दारिद्र्य कशामुळे आहे आणि ते कसे हटेल, हा प्रश्न म्हणूनच या स्मरणिकेत मांडावासा वाटतो.

या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर असे : वाटण्या होत गेल्या, शेतीचे तुकडे पडले, म्हणून शेतकरी गरीब झाला. आकडेवारीही तसेच सांगते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला. त्या गावी १७७१ साली सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. तेव्हा तुकडे एकत्र करा आणि पुढील वाटणीला बंदी घाला, हाच उपाय त्या काळी अनेक विद्वानांना दिसत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील लहान धारणांवर निबंध लिहिला आणि या समजुतीच्या मुळालाच हात घातला. त्यांचे म्हणणे असे, की शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी योग्य प्रमाण आहे की नाही, यावरून ते ठरते. विहीर आणि खत ज्याच्यापाशी आहे, त्याला दोन एकरही पुरेसे ठरू शकतात. ज्याच्यापाशी बैलजोडीही नाही, त्याला दहा एकर पेलवणार नाहीत. आपल्या शेतकऱ्याजवळची अवजारे आणि गुरे त्याच्या आहे त्या शेतालाच अपुरी पडत असतील, तर शेत मोठे केल्याने त्याची ओढाताण अधिकच वाढेल.

मग खरा रोग कोणता? बाबासाहेबांचे उत्तर होते : शेतीवर साचलेले रिकामे हात. तीन माणसांचे काम सहाजण करतात, तेव्हा पीक दुप्पट होत नाही. खाणारी तोंडे मात्र दुप्पट होतात. उत्पन्नातून काही शिल्लक राहत नाही. शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही, आणि भांडवल नाही म्हणून विहीर नाही, सुधारलेले बियाणे नाही. दुसरे काम नसल्यामुळे प्रत्येक वारस जमिनीच्या तुकड्यालाच धरून बसतो. तुकडे पडणे हे या रोगाचे लक्षण आहे, कारण नव्हे. यावर त्यांनी उद्योगधंद्यांच्या वाढीचा उपाय सुचवला. उद्योगामुळे जादा हात शेतीबाहेर जातील, जमिनीवरचा भार हलका होईल, शिल्लक साचून भांडवल उभे राहील आणि शेतमालाला गिऱ्हाईकही मिळेल.

पुढे १९२७ साली मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. सक्तीने केलेल्या एकत्रीकरणातून भूमिहीनांची संख्या वाढेल, ही त्यांची भीती होती. मालकी कायम ठेवून लहान शेतकऱ्यांनी सहकाराने शेती कसावी, हा पर्याय त्यांनी पुढे ठेवला.

ज्या पिंपळे सौदागरच्या आकड्यांनी ही चर्चा गाजली, ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. तेथे कारखाने आले, मग संगणक कंपन्या आल्या, आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. उद्योगामुळे गावाचे अर्थकारण पार बदलते, याचा हा पुरावाच होय. परंतु अशा बदलात ज्याच्या नावावर जमीन असते, त्याला तिचा मोबदला मिळतो. तीच जमीन पिढ्यान्‌पिढ्या मजुरीने कसणाऱ्याच्या हाती त्यातले काय येते?

हा प्रश्न बाबासाहेबांच्या नजरेतून सुटला नव्हता. म्हणूनच १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणले, १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा व ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, अशी मांडणी केली. त्यांच्या पश्चात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, या मागणीसाठी स्त्रीपुरुषांनी तुरुंग भरले. त्या लढ्याच्या रेट्यातूनच पुढे महाराष्ट्र शासनाने गायरानावरील दलितांच्या जुन्या वहिवाटी नियमित करण्याचे निर्णय घेतले.

आज योजना आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेतून दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. मात्र ती जमीन शासनाला आधी विकत घ्यावी लागते, आणि त्या दरात जमीन विकणारा मिळणे कठीण असते. विहीर, पंप आणि ठिबक संचासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यासाठी स्वतःच्या नावाचा सातबारा लागतो. ज्याची गायरानाची वहिवाट अजून कागदावर चढलेली नाही, तो कष्टकरी शेतकरी असूनही या दारापाशीच अडतो. म्हणजे जमीन, तिची नोंद आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले प्रमाण साधते.

याचा अनुभव मी घरीच घेतला आहे. माझ्या वडिलांनी तीन एकर गायरान दगड वेचून लागवडीखाली आणले. आम्ही दोघे भाऊ. मी शिकून शिक्षक झालो; धाकटा शेतीवर राहिला. अनेक वर्षे त्या रानात ज्वारीपलीकडे काही पिकले नाही. माझ्या पगारातून विहीर खोदली, त्यानंतर तेथे भाजीपाला निघू लागला आणि धाकट्याची मजुरीची वाट सुटली. मी गावी राहिलो असतो तर त्याच तीन एकरांवर दोन संसार उपाशी राहिले असते. वाटणी मी मागितली नाही, मागणारही नाही. तरीही मनाला एक गोष्ट बोचते : आमच्या बांधाला लागून ज्यांचे रान आहे, त्यांच्या घरी पगार आणणारा भाऊ नाही. त्यांची विहीर कोणी खोदायची? एका भावाचा पगार हे गावाच्या दारिद्र्यावरचे धोरण होऊ शकत नाही. ती जबाबदारी शासनाची आहे, आणि तिची जाणीव शासनाला सतत करून देणे ही आपली जबाबदारी आहे.

मुलांना शिकवून आपण गावापासून तोडतो, असा आक्षेप आपल्यासारख्या वसतिगृहांवर कधीकधी घेतला जातो. १९१८ चा तो निबंध वाचल्यावर या आक्षेपाचे उत्तर सापडते. शेतीवरचे रिकामे हात कुशल करून दुसऱ्या कामाला लावणे, हीसुद्धा शेतीचीच सुधारणा आहे. अट एवढीच, की बाहेर पडलेल्याने मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवू नये.

या विद्यालयातून बाहेर पडलेल्या आणि पुढे बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या घरचा सातबारा काढा आणि वाचा. नंतर शेजारच्या निरक्षर काकांचाही वाचून दाखवा. ज्यांच्या नावावर काहीच निघणार नाही, त्यांचा अर्ज लिहून द्या. बाबासाहेबांनी आपल्याला जे अक्षर दिले, त्याचा गावाला एवढा तरी उपयोग झालाच पाहिजे.

जय भीम!