महासंगणकाचा पोशिंदा

महासंगणकाच्या लोकार्पणाची तारीख सरकारी प्रसिद्धिपत्रकात ठळकपणे छापून येते. तो निकाली कधी निघाला हे मात्र पुढच्या यंत्राच्या निविदेत जुने यंत्र परत घेण्याचे कलम आढळले, तरच कळते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे राष्ट्राला अर्पण केले आणि तिन्हींची मिळून किंमत १३० कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. त्यांतला एक दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रासाठी, दुसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रासाठी आणि तिसरा, एक पेटाफ्लॉप क्षमतेचा, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी होता. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या अंकगणिती क्रिया. या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या खोडद आणि आसपासच्या शिवारांत पसरलेल्या असून पुणे-नाशिक महामार्गावरच्या नारायणगावातून तिथे जाता येते. म्हणजे नाशिककरांच्या रोजच्या वाटेवरच महाराष्ट्रातील एका मोठ्या प्रश्नाचे ताजे उदाहरण उभे आहे: ताऱ्यांचे आणि मूलकणांचे गणित करणाऱ्या यंत्राला पैसा कोणी द्यायचा, आणि तो दिल्यावर त्या यंत्राला पोसायचे कोणी?

अशा यंत्राची भूक किती असते, हे एका साध्या हिशेबावरून कळते. दीर्घिकेतील ताऱ्यांच्या जागी दहा लाख कण कल्पिले आणि प्रत्येक कण उरलेल्या सर्वांना खेचतो असे धरले, तर जोड्या होतात सुमारे ५० हजार कोटी. प्रत्येक जोडीमागे ढोबळमानाने वीस अंकगणिती क्रिया धरल्या, तर हे कण काळात एक पाऊल पुढे सरकवायला १९९१ सालच्या एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी क्रिया करणाऱ्या यंत्राला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागला असता. एक पेटाफ्लॉपच्या यंत्राला, निदान कागदावर, सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, आणि अशी पावले हजारोंनी टाकावी लागतात. क्वार्कांमधील प्रबळ बलाचा अभ्यास करणाऱ्यांची गत याहून बिकट आहे. ते अवकाश आणि काळ मिळून चार मितींची जाळी मांडतात, आणि त्या जाळीचे अंतर निम्मे केले की बिंदू सोळा पटींनी वाढतात, तर खर्च त्याहूनही अधिक. त्यामुळे सैद्धांतिक भौतिकीला फळा आणि खडू पुरतो हा समज किमान पन्नास वर्षे जुना झाला असला, तरी अनुदान देणाऱ्यांच्या मनातून तो अजून गेलेला दिसत नाही.

केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांनी हा समज फार आधी मोडीत काढला होता. नफील्ड आणि वुल्फसन या खासगी न्यासांच्या देणग्या आणि तिथल्या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेचे अनुदान यांची मोट बांधून त्यांनी १९६६-६७ मध्ये सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि तिला स्वतःचा आयबीएम ३६०/४४ संगणक मिळवून दिला. आपल्या संगणकासाठी विद्यापीठाच्या रांगेत उभे राहायचे नाही, हा त्यामागचा आग्रह होता. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर या संस्थेच्या पहिल्या संशोधकांपैकी एक. १९७२ मध्ये विद्यापीठाशी बिनसल्यामुळे हॉइल यांनी राजीनामा दिला, त्याच वर्षी नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९८८ मध्ये पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’, म्हणजे खगोलविज्ञान व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, स्थापन करताना त्यांनी तत्त्व नेमके उलटे ठेवले: साधने केंद्राची, पण हक्क देशातल्या सर्व विद्यापीठांचा. पुणे विद्यापीठाच्या छत्राखालील नाशिकच्या महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा अध्यापक सुटीत येऊन तिथल्या संगणकावर काम करू शकेल, हे या रचनेत गृहीत होते. भारतीय विज्ञानसंस्थांच्या मांडणीत याहून लोकशाही कल्पना क्वचितच आढळते.

त्याच १९८८ मध्ये, त्याच आवाराच्या आश्रयाने, ‘सी-डॅक’चे, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राचे, काम सुरू झाले. अमेरिकेने क्रे महासंगणक देताना घातलेल्या अटी, हवामानाच्या अंदाजापुरते मिळालेले दिल्लीतले क्रे एक्स-एमपी यंत्र, ‘सी-डॅक’चे प्रमुख विजय भटकर यांना मिळालेली तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये, १९९१ मधला ‘परम ८०००’ महासंगणक, ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक ‘परम’मध्ये वापरले होते आणि अशा प्रत्येक प्रक्रियकाला शेजाऱ्यांशी बोलायला फक्त चार दुवे असत. शेकडो प्रक्रियक एकत्र आणले की खरा प्रश्न गणनाच्या वेगाचा राहत नाही. कोणी कोणाशी, कोणत्या वाटेने आणि किती वेळ थांबून बोलायचे, हा होतो. या प्रश्नाचे सर्वांत देखणे आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित उत्तर ज्याने दिले, तो गणिती मराठीच होता.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा, पदवी मुंबईच्या आयआयटीची आणि डॉक्टरेट बर्कलेची. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय आयोजनाच्या, म्हणजे अनेक मर्यादा पाळून एखादी राशी कमाल किंवा किमान करण्याच्या, प्रश्नांसाठी जी रीत शोधली, ती त्यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आहे. बेलची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने तिच्यावर पेटंट घेतले आणि ती राबवणारी संगणकप्रणाली ८९ लाख डॉलरला विकायला काढली, हा गणिताच्या इतिहासातला एक विनोदी अध्याय आहे. पण पेटंटच्या गदारोळात त्यांचा १९९१ चा एक निबंध झाकला गेला. त्यात त्यांनी समांतर संगणकाची जोडणी सान्त प्रक्षेपी भूमितीवर बेतावी असे सुचवले होते.

ही भूमिती म्हणजे मोजक्याच बिंदूंची आणि तितक्याच रेषांची. तिचे सर्वांत लहान रूप सात बिंदूंचे आणि सात रेषांचे: प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा, कोणत्याही दोन बिंदूंतून नेमकी एक रेषा आणि कोणत्याही दोन रेषांना नेमका एक सामाईक बिंदू. याच्या पुढचे रूप तेरा बिंदूंचे, त्यापुढचे एकवीसचे. करमरकरांनी बिंदूंच्या जागी स्मृतीचे कप्पे ठेवले आणि रेषांच्या जागी प्रक्रियक. एखाद्या गणनेला दोन वेगवेगळ्या कप्प्यांतले आकडे लागले, तर ती कोणत्या प्रक्रियकाने करायची हे भूमितीच ठरवते, कारण त्या दोन बिंदूंतून जाणारी रेषा एकच असते. तिथे वाद नाही आणि म्हणून वाट पाहणेही नाही. शिवाय सर्व प्रक्रियकांचे वेळापत्रक असे आखता येते की एका क्षणी एका कप्प्यावर एकच प्रक्रियक येईल. भौतिकीतली बरीच समीकरणे शेवटी विरळ सारणींचे, म्हणजे बहुतेक जागी शून्य असलेल्या आकड्यांच्या अवाढव्य कोष्टकांचे रूप घेतात, आणि नेमकी तीच कोष्टके नेहमीच्या यंत्रांना उपाशी ठेवतात, कारण आकडा येईपर्यंत प्रक्रियक रिकामा बसतो. ‘विरळ सारणी’ हा शब्द करमरकरांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे.

अशा कल्पनेला पैसा द्यायला धाडस लागते, कारण बाजारात मिळणारे सुटे भाग तिच्या कामाचे नसतात आणि नवे भाग घडवायला वर्षे जातात. करमरकर काही वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. २००६ मध्ये ते रतन टाटांचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि त्याच सुमारास टाटा सन्सने पुण्यात ‘कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. सुमारे तीन कोटी डॉलर एका उद्योगसमूहाने महासंगणकासाठी बाजूला काढावेत, ही भारतात अपूर्व गोष्ट होती. पण २००७ मध्ये मतभेद होऊन करमरकर बाहेर पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘एका’ हे यंत्र प्रकट झाले: इंटेलचे प्रक्रियक, एचपीचे संच, बाजारातलेच इन्फिनिबँड जाळे, एकूण १४,३५२ गाभे (कोर). जुळणी, जाळ्यातील मार्गांची निवड आणि समांतर प्रक्रियेची आज्ञावली हे कंपनीच्या शास्त्रज्ञांचे स्वतःचे काम होते आणि ते उत्तमच होते. ११७.९ टेराफ्लॉपचा (टेराफ्लॉप म्हणजे पेटाफ्लॉपचा हजारावा भाग) वेग नोंदवून ‘एका’ जगातल्या पहिल्या ५०० यंत्रांच्या यादीत चौथे आले. चार वर्षांपूर्वी सी-डॅकचे ‘परम पद्म’ याच यादीत १७१ वे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेळच्या जल्लोषाचा अर्थ कळतो.

करमरकर आणि कंपनी यांच्यातील या मतभेदात एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असे मानण्याचे कारण नाही. दात्याला त्याच्या हयातीत चालणारे यंत्र हवे असते आणि त्यात गैर काही नाही. संशोधकाला मात्र एखादी कल्पना चुकीची ठरेपर्यंत तपासून पाहण्याचा अवकाश हवा असतो. तरीही एवढे म्हटलेच पाहिजे की २००७ मध्ये तयार भागांचे मोठे यंत्र जगात कोणीही पैसे मोजून उभारू शकत होते, तर सान्त भूमितीवरचे यंत्र कोणीच उभारलेले नव्हते. ‘एका’ जून २००८ च्या यादीत आठवे आणि नोव्हेंबरमध्ये तेरावे होते. २०१२ मध्ये ती कंपनी टीसीएसकडे गेली. क्रमांक घसरणे हा महासंगणकाचा धर्मच आहे. निराळी जोडणी घसरली असती तरी तिच्याविषयी निबंध लिहिले गेले असते.

दाता लाभला तरी पोशिंदा लाभत नाही, याचा पुण्यातला पहिला पुरावा मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटांच्या अभ्यासासाठी ५ हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि त्यातून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे सर्वस्व. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असा सिद्धांत नॉर्मन लॉकियर यांनी मांडला होता. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेची आखणी झाली, त्यांत हेच लॉकियर होते. नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्याहून दाखवून दिले की ती रेषा कोणत्याही परिस्थितीत रेखीवच राहते, म्हणजे तो पट्ट्याचा अवशेष नव्हे. दहा हजार रुपयांत याहून चांगला मोबदला कोणत्याही सरकारला मिळाला नसेल. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद करून तिची उपकरणे कोडाईकनालला धाडली. दुसरा माणूस तयार करण्यासाठी कोणी पैसा ठेवलाच नव्हता.

मार्च २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाने ही चूक निदान ओळखली. सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपये, त्यांपैकी २,८०० कोटी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे आणि १,७०० कोटी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाचे. उद्दिष्ट सत्तरहून अधिक यंत्रे आणि ती चालवणारे मनुष्यबळ घडवण्याचे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणक यातूनच आला. आयुकातील गुरुत्वीय लहरींच्या कामाचा ‘सारथी’ हा संगणकसमूहही पुण्यातलाच. पण विजेचे बिल सहसा यजमान संस्थेच्या माथी येते. शीतनासह एक मेगावॉटचा भार वर्षभर अखंड चालला, तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज लागते. युनिटला आठ रुपये धरले तरी ही रक्कम सात कोटींवर जाते. एखाद्या राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला हा आकडा ऐकवावा, म्हणजे विद्यापीठांनी स्वतःचे महासंगणक का घेतले नाहीत या प्रश्नाचे उत्तर मिळते. आयुकाचे सामाईक हक्काचे तत्त्व इथे पुन्हा खरे ठरते, आणि अभियानाच्या यंत्रांवर लहान गावांतल्या महाविद्यालयांना किती तास मिळतात, याचा हिशेब क्षमतेच्या आकड्याइतक्याच ठळकपणे छापायला हवा.

नाशिक जिल्ह्याला या विज्ञानाची किंमत मात्र वेगळ्याच खात्यातून मोजावी लागत आहे. नारायणगाव-संगमनेर-सिन्नरमार्गे पुणे आणि नाशिक जोडणारी २३५ किलोमीटरची मध्यम अतिवेगवान रेल्वे ‘महारेल’ या महामंडळाने आखली होती. ती दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने जीएमआरटीच्या निरीक्षणांना बाधा येईल, असा आक्षेप निघाला आणि रेल्वेमंत्र्यांनी शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने नव्या मार्गाचा विचार जाहीर केला. जुन्नर, संगमनेर आणि सिन्नर या तालुक्यांतून त्याला झालेला विरोध समजण्यासारखा आहे. महासंगणक आहे ना, मग गाडीचा गोंगाट त्यानेच गाळावा, हा प्रश्नही रास्त वाटतो, आणि काही अंशी तसे होतेही: मानवनिर्मित लहरी ओळखून त्या वजा करण्याची तंत्रे जीएमआरटीत वापरली जातात. पण दीर्घिकांकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की विजेच्या तारेवर उडालेल्या ठिणगीनेही ग्राहक यंत्रणेचा प्रवर्धक, म्हणजे संकेत वाढवणारा भाग, त्याच्या मर्यादेपर्यंत भरून जाऊ शकतो, आणि असे झाले की तो क्षीण संकेत आकड्यांत उतरण्याआधीच नाहीसा होतो. जो आकडा तयारच झाला नाही, तो एक पेटाफ्लॉपचे यंत्रही परत आणू शकत नाही.