चाखणे आणि वाढणे

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. भात शिजला की नाही हे पाहायला सगळे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत बोटाने दाबून पाहिले की काम भागते. आज ज्या उपक्रमाविषयी आपल्याशी बोलायचे आहे, त्याचा सारा डोलारा अशा शितावरच उभा असतो. लोकांनी तिकीट काढून यायचे, दहाबारा आचाऱ्यांनी केलेल्या दहाबारा पदार्थांचा एकेक घास चाखायचा, आणि जमलेली रक्कम एखाद्या अनाथाश्रमाला, दवाखान्याला किंवा उपाशी मुलांच्या जेवणाला द्यायची. आचाऱ्यांपैकी काही गावचेच, काही मुद्दाम परगावाहून बोलावलेले. या प्रकाराला मराठीत अजून रुळलेले नाव नाही. आपण सोयीसाठी त्याला ‘चाखणमेळा’ म्हणू.

ही कल्पना जोमाने वाढली ती अमेरिकेत. १९८४ साली इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या बातम्या ऐकून बिल शोर आणि त्याची बहीण डेबी यांनी भुकेविरुद्ध काम करणारी एक संस्था काढली. आचारी आणि उपाहारगृहवाले यांना त्यांनी साकडे घातले. पैसा देणारे पुष्कळ असतात. पण ज्याच्या हातात कला आहे त्याने कलाच द्यावी, हा त्यामागचा विचार. १९८८ पासून या संस्थेचे चाखणमेळे अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतून भरू लागले. नामांकित आचारी एक संध्याकाळ बिनमोल राबायचे, आणि तिकिटाचा पैसा भुकेल्यांच्या कामी लागायचा.

यातले गणित समजून घेतले पाहिजे. समजा, आपल्या गावी पाचशे माणसे दोनशे रुपयांचे तिकीट काढून आली. एक लाख रुपये जमले. मांडव, भांडी, सामान, गॅस, पाहुण्या आचाऱ्याचा प्रवास आणि मुक्काम यांवर साठ हजार गेले, तर धर्मादाय कामाला उरले चाळीस हजार. आता तेच सामान एखाद्या किराणा व्यापाऱ्याने दिले, मांडव मंडपवाल्याने फुकट घातला आणि पाहुण्याला कोणी घरी उतरवून घेतले, तर चाळीसाचे ऐंशीही होऊ शकतात. म्हणजे मेळ्याचे यश पाहुण्या आचाऱ्याच्या कीर्तीपेक्षा गावाने उचललेल्या खर्चावर अधिक अवलंबून असते. गर्दी खूप झाली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि हाती उरले पाच हजार, असे झाले तर तो समारंभ झाला, दान नव्हे.

आता कोणी म्हणेल, यात नवे ते काय? आमच्या शाळांतून आनंदमेळावे भरतातच की! मुले घरून भजी, भेळ, ताक करून आणतात, दहा-दहा रुपयांना विकतात आणि जमलेले पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला देतात. खरे आहे. पण शाळेतला आनंदमेळावा काय, आणि अमेरिकेतला मेळा काय, दोहोंत एक गोष्ट सारखीच आढळते. खाणारा एकीकडे असतो आणि ज्याच्यासाठी तो खातो तो दुसरीकडे. एकाच्या वाट्याला चव येते, दुसऱ्याच्या वाट्याला रक्कम. ज्याच्या नावाने मेळा भरतो, तो त्या मांडवात कोठेच नसतो.

ही उणीव अमेरिकेतही काहींना जाणवली. १९९० साली मिशिगन राज्यातल्या जॉन हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न या कलाशिक्षक जोडप्याने वेगळाच मार्ग काढला. विद्यार्थ्यांनी मातीचे वाडगे घडवायचे. पाहुण्यांनी त्यातला एक निवडायचा, त्यात साधे सूप आणि पाव एवढेच खायचे, आणि रिकामा वाडगा घरी न्यायचा. फळीवरचा तो रिकामा वाडगा पाहून कोणाचे तरी भांडे आजही रिकामे आहे याची आठवण राहावी, हा हेतू. येथे पक्वान्ने नाहीत, चैन नाही. चाखणारा काही काळ का होईना, भुकेल्याचे ताट जेवतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०२४ साली अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला मिळाले, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जन्म १७२५ सालचा. घाट आणि देवळे बांधणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण तीर्थक्षेत्री त्यांनी अन्नछत्रेही घातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अन्नछत्रात वाटसरूची जातकुळी, हेतू, ऐपत यांची चौकशी आधी करीत नाहीत. आधी पान मांडतात.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण शिर्डीचे. गोविंदराव दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’च्या अडतिसाव्या अध्यायात साईबाबांच्या हंडीचे वर्णन आहे. लहान हंडी पन्नास माणसांची, मोठी शंभरांची. बाबा स्वतः बाजारात जात, भाव ठरवीत, रोख पैसे देत. मसाला स्वतः वाटीत, चूल स्वतः पेटवीत, आणि शिजलेले अन्न आधी गोरगरिबांना वाढीत. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ व्यवहार म्हणून पाहिले, तरी यात मोठा धडा आहे. खरेदी, हिशेब, स्वयंपाक आणि वाढणे या चारही गोष्टी एकाच हाताखाली होत्या. मध्ये कोठे गळती नव्हती. आणि गरिबांसाठी करायचे म्हणून मसाला कमी वाटला, असे घडत नव्हते.

त्या हंडीच्या जागी पुढे प्रसादालय उभे राहिले. हजारो माणसांचे जेवण रोज शिजवायचे म्हणजे इंधनाचा प्रश्न आलाच. २००९ साली तेथे छतावर त्र्याहत्तर मोठ्या तबकड्या बसवण्यात आल्या. आरशांच्या या तबकड्या उन्हाचे किरण एकवटतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर भात-वरण शिजते. सांगायचे एवढेच, की परोपकारालाही शास्त्र लागते. नुसता कळवळा असून वाफ होत नाही. याच शिर्डीत मोफत भोजनाला पैसे लावावेत का, यावर २०२५ च्या आरंभी जाहीर वाद झाला. फुकट मिळते म्हणून नको ती माणसे येतात, असे एका बाजूचे म्हणणे. भुकेल्याला दारावर अडवणारे आपण कोण, असे दुसऱ्या बाजूचे. हा प्रश्न शिर्डीपुरता नाही. अन्नदान करणाऱ्या प्रत्येकासमोर तो आज ना उद्या उभा राहतोच.

तिसरे उदाहरण सराला बेटाच्या सप्ताहाचे. श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या सीमेवर गोदावरीच्या पात्रात हे बेट आहे. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दीडशेहून अधिक वर्षे चालत आला आहे, आणि तो दरवर्षी निराळ्या गावी भरतो. त्याचा प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी सप्ताहाच्या जागी मोठ्या कढयांतून शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतून, घराघरांतून भाजून येते. पाहा ना, गावचे आणि बाहेरचे आचारी यांचा याहून मोठा मेळ कोणता? आमटी एका ठिकाणची, भाकरी हजार चुलींवरची. कोणाची जाड, कोणाची पातळ, कोणाची किंचित करपलेली. ज्या घरात चार भाकरींचे पीठ आहे, तेही घर त्यातली एक देऊन दाता होते. आणि पंगतीत बसल्यावर देणारा कोण, घेणारा कोण, हे ओळखू येत नाही.

हीच गोष्ट २०२० च्या टाळेबंदीत नगर शहराने पाहिली. शीख-पंजाबी समाजातल्या मंडळींनी ‘घर घर लंगर सेवा’ सुरू केली, आणि रोजगार बुडालेल्यांना, पायी गावाकडे निघालेल्यांना शिजलेले अन्न पोचवले. लंगराचा मूळ नियमच असा, की राजा आणि रंक यांनी एकाच ओळीत बसून एकाच कढईतले खावे.

याच्या उलट अनुभवही जुन्या माणसांच्या गाठी आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे परदेशातून तांबडी मिलो ज्वारी आली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. तिने कित्येकांचे प्राण वाचवले, त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण ती मिलो खाताना कोणाला ती आवडली का, हे कोणी विचारले नाही. उपाशी माणसाला भूक असते, चव नसते, असे आपण सहज गृहीत धरतो. चाखणमेळ्यातली खरी मेख येथे आहे. चव पैसेवाल्याची आणि भूक गरिबाची, अशी वाटणी झाली की दानात एक प्रकारचा कोरडेपणा येतो.

म्हणून सुचवावेसे वाटते, की आपल्या गावी असा मेळा भरवायचा असेल तर तो एकाच पातेल्याचा असावा. पाहुण्याला जे चाखायला दिले, तेच पोटभर त्याच दिवशी आश्रमातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना वाढावे. शक्य असेल तर त्याच मांडवात, त्याच पंगतीत. चाखण्याचे पैसे, वाढण्याला नाही.

आचाऱ्यांच्या निवडीतही हीच दृष्टी हवी. पाहुणा आचारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी उंच टोपी येते. पण जामखेड-कर्जतच्या माणसाला अकोले तालुक्यातली बाई ही पाहुणीच नाही का? २०२० पासून राज्याचे कृषी खाते ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवू लागले. कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी, करटोली या भाज्या पुष्कळांना त्यांतूनच ठाऊक झाल्या. शेवळे नीट शिजवले नाही तर घसा खवखवतो. म्हणून त्यात आंबट घालावे लागते. हे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? ते डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर बायांच्या हातात आहे. याच अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तीही २०२० सालचीच. अशा बायांना मेळ्यात बोलवावे. मात्र शहरातल्या आचाऱ्याला मानधन आणि डोंगरातल्या बाईला नारळ-पातळ, असा भेद करू नये. जिच्या हाताची चव आपण तिकीट लावून विकतो, तिला तिची मजुरी आधी मोजून द्यावी. मग दान करावे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याची आठवण ठेवावी, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. खाद्यपदार्थ विकायचे असतील, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लागणारी नोंदणी करून घ्यावी. दुसरे, स्वच्छता. शिजलेले अन्न कोमट राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात; गरम ते वाफाळते आणि गार ते बर्फावर, मधली स्थिती नको. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. भगर जुनी किंवा ओलसर असली की तिच्यावर बुरशी धरते. तेव्हा सामान ताजे आणि पारखून घ्यावे. तिसरे, अंदाज. चाखायचा घास छोटाच असावा. द्रोण भरभरून दिले की निम्मे टाकले जाते, आणि भुकेच्या नावाने अन्नाची नासाडी होते. उष्टे न झालेले, उरलेले चांगले अन्न जपून वाटण्याचेही नियम २०१९ साली झाले आहेत, तेही माहीत करून घ्यावेत.

चौथी गोष्ट हिशेबाची. मेळा संपल्यावर आठ दिवसांच्या आत जमाखर्चाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या फलकावर लावावा. तिकिटे किती गेली, सामानाला किती लागले, आचाऱ्यांना काय दिले, कोणाला किती पोचले, सारे रुपयांत. आणि घेणाऱ्याचे छायाचित्र मात्र त्या फलकावर लावू नये. ताट हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलाला उद्या त्याच गावात, त्याच शाळेत जायचे असते.

एवढे सांभाळले तर चाखणमेळा ही परकी टूम राहणार नाही. परगावचा आचारी येईल, दोन नव्या गोष्टी शिकवील, दोन शिकून जाईल. गावची माणसे चार पैसे आनंदाने देतील. पण पुढच्या मेळ्याच्या बैठकीला बसाल तेव्हा पाहुणा आचारी कोणता बोलवायचा, याआधी एक प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्या: ज्यांच्यासाठी हे करतो आहोत, त्यांची पाने कोठे मांडायची?