मधमाशीला बांध ठाऊक नसतो

वाशीम जिल्ह्यात मध म्हटला की उंच झाडाच्या फांदीला लोंबणारे आग्या माशीचे पोळे डोळ्यांपुढे येते. पलित्याच्या जाळाने माश्या उठवावयाच्या, पोळे समूळ कापून घ्यावयाचे आणि मुठीत पिळून मध काढावयाचा, ही पूर्वापार चालत आलेली रीत. अशा मधात अंडी, अळ्या आणि पराग मिसळतात, तो लवकर आंबतो, आणि वसाहत मात्र उद्ध्वस्त होते. आग्या माशी पेटीत नांदत नाही. ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते व हंगाम सरला की अन्यत्र निघून जाते. पेटीत ठेवण्याजोग्या, मुबलक मध देणाऱ्या जाती दोनच : झाडाच्या ढोलीत अंधारात अनेक समांतर पोळी बांधणारी देशी सातेरी आणि परदेशातून आणलेली मेलिफेरा.

या उद्योगाचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील मांघर. महाबळेश्वर तालुक्यातील हे लहानसे गाव जंगलाने वेढलेल्या बेटासारखे आहे. तेथील बहुसंख्य कुटुंबे मधमाशा पाळतात. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या उपक्रमातून १६ मे २०२२ रोजी मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावनेही हाच मार्ग धरला. तेथे माशीला जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा मिळतो. काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी आली की मधपाळांची दिवाळीच असते.

वाशीमला असे जंगल नाही, म्हणून येथे मधमाशीपालन होणार नाही असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. येथील माशीचे जंगल म्हणजे शेत. पावसाळ्यात तीळ व मका, दिवाळीच्या सुमारास तूर, हिवाळ्यात करडई, पुढे कांद्याच्या बियाण्याचे गोंडे आणि चैत्राच्या आसपास कडुनिंब व करंज, असा फुलोऱ्याचा क्रम लावता येतो. अलीकडे जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी चियाचे पीक घेतले आहे. त्याची जांभळी फुलेही माशीला प्रिय आहेत. सोयाबीन स्वपरागित असल्याने त्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

मधाच्या किमतीपेक्षा मोठा लाभ परागीभवनाचा आहे, आणि तो पेटीच्या मालकापुरता राहत नाही. कांद्याचेच पाहा. त्याच्या फुलात परागकण आधी बाहेर पडतात आणि स्त्रीकेसर नंतर परिपक्व होतो. त्यामुळे एकाच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामी येत नाहीत. दुसऱ्या फुलावरून ते कोणीतरी आणून द्यावे लागतात. हे काम मुख्यत्वे कीटक करतात. गोंडा भरघोस फुलूनही बी कमी भरले, तर खत व पाणी यांच्या हिशेबाबरोबर शेतात माशी किती फिरकली हेही शेतकऱ्याने पाहावे. सूर्यफुलातील पोचट दाण्यांचेही एक कारण हेच असते.

आता अडचण. मेलिफेरा माशी मकरंदासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. दोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ धरले तरी त्यात सुमारे १,२५० हेक्टर क्षेत्र येते. एवढ्या क्षेत्राचा मालक कोणताही एक शेतकरी नसतो. एकाने पेटी ठेवावी आणि दुसऱ्याने ऐन फुलोऱ्यात, सकाळच्या प्रहरी तुरीवर कीटकनाशक फवारावे, एवढ्याने पेटी रिकामी होऊ शकते. भुकटीच्या रूपातील औषध तर अधिक घातक. माशी ते परागाबरोबर अंगावर घेऊन पोळ्यात नेते आणि पिलांनाही विषबाधा होते. दोष कोणाला द्यावा? फवारणी करणाऱ्याला अळीपासून पीक वाचवावयाचे असते, आणि शेजारी पेटी आहे हे पुष्कळदा त्याला माहीतही नसते.

म्हणून मांघरपासून घ्यावयाचा धडा पेट्यांच्या संख्येचा नव्हे, गावाच्या एकमताचा आहे. ग्रामसभेत पेट्यांच्या जागा सर्वांना सांगाव्यात. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळावी. टाळता येत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी आणि मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे. तसे कळल्यास तो हवा खेळती ठेवून पेटीचे दार काही काळ बंद ठेवू शकतो किंवा पेटी हलवू शकतो.

वैशाख-ज्येष्ठात येथील ऊन हीच मोठी परीक्षा ठरते. पोळ्यातील पिलांना सुमारे ३५ अंश उष्णता लागते. त्याहून ती वाढली की कामकरी माश्या पाणी आणून शिंपडतात व पंखांनी वारा घालतात. म्हणून पेटी दाट सावलीत असावी. जवळ उथळ भांड्यात पाणी व त्यात खडे ठेवावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. फुले नसतात तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, हा खर्च सुरुवातीसच हिशेबात धरावा. सगळा मध काढून घेणाऱ्याची वसाहत अशा दिवसांत टिकत नाही.

पेटीतील मध चौकटी न मोडता यंत्रात फिरवून काढतात. पोळे शाबूत राहते आणि तेच पुन्हा भरते. सातेरीच्या एका पेटीपासून वर्षाला साधारणतः ५ ते १० किलो मध मिळतो. मेलिफेराचे उत्पादन याहून बरेच अधिक असले, तरी त्यासाठी पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव न्याव्या लागतात. नव्या माणसाने दोन-चार पेट्यांनी आरंभ करून एक पूर्ण वर्ष, विशेषतः एक उन्हाळा, पाहावा हे बरे.

खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि साहित्यासाठी अनुदान देण्यात येते. इच्छुकांनी अर्ज व अटींची माहिती जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयातून घ्यावी. एकाच शिवारातील आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केल्यास फवारणीच्या वेळा ठरविणेही त्यांना सोपे जाईल.