उसाचे व्याज, स्कालाची चाचणी

गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी हे उसाच्या टापूतले गाव. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर पुढच्या दिवसांसाठी वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. समजा, इथल्या हिशेबासाठी हा नियम स्काला या फंक्शनल वळणाच्या संगणकभाषेत लिहिला. तो बरोबर उतरला का, हे शेतकऱ्याने आणि हिशेबनिसाने कसे पारखायचे?

उदाहरणाने : २००८ साली आलेल्या ‘क्युकंबर’ या चाचणी-साधनाची ‘गर्किन’ लेखनपद्धत मराठीही ओळखते. तीत असे लिहिता येते: जर बिल १ लाखाचे आहे, जेव्हा ते ४४व्या दिवशी मिळते, मग व्याज १,२३२ रुपये ८८ पैसे. स्कालासाठी क्युकंबरची ‘क्युकंबर-स्काला’ ही आवृत्ती आहे.

नियमाने : हॅस्केल भाषेसाठी कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये ‘क्विकचेक’ हे चाचणी-साधन मांडले, त्यावरूनच ‘स्कालाचेक’ बेतले गेले. इथे आकडे द्यायचे नाहीत, अटी सांगायच्या: १४ दिवसांपर्यंत व्याज शून्य, दिवस वाढले तर व्याज घटता कामा नये. साधन स्वतःच १०० यादृच्छिक नमुने लावून पाहते आणि अट मोडलीच, तर चूक दाखवणारा छोट्यात छोटा नमुना शोधू लागते.

शुद्ध फंक्शनला तेच आकडे दिले की तेच उत्तर मिळते. म्हणून या चाचण्यांना डेटाबेस लागत नाही. वजनकाट्यावरची तारीख योग्य खात्यात पोचली का, हे मात्र सगळी यंत्रणा जोडूनच तपासावे लागते.