शिक्षणप्रमुख गेले, दिलेल्या शब्दाचे काय?

अधिकारी येतात आणि जातात. संस्था मात्र टिकून राहते, असे आपण सार्वजनिक जीवनात गृहीत धरतो. परंतु संस्था टिकली म्हणून तिने नागरिकांना दिलेला शब्दही टिकतोच असे नाही. करोनाच्या साथीत अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या शाळांना आलेला अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. साथ ओसरली, शाळा भरू लागल्या, म्हणून तो विषय संपला असे समजणे शहाणपणाचे होणार नाही. पुढील संकट साथीचे असेल, पुराचे असेल किंवा वणव्याचे असेल. घरी बसून शिकण्याची वेळ मुलांवर पुन्हा येणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

अमेरिकेतील ‘शालेय जिल्हा’ म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. केवळ शाळा चालविण्यासाठी निर्माण झालेली ती स्थानिक यंत्रणा असते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याला राज्य शासनाच्या आदेशांच्या चौकटीत काम करावे लागते. तेथील शिक्षणप्रमुखाच्या हाती त्या मानाने पुष्कळ अधिक अधिकार असतात. लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी निवडलेले सात सदस्यांचे मंडळ त्याची नेमणूक करते. न्यूयॉर्कमध्ये २००२ पासून ती महापौरांच्या अखत्यारीत आहे आणि शिकागोतही साथीच्या काळात तशीच व्यवस्था होती.

हे तिन्ही त्या वेळचे देशातील सर्वांत मोठे शालेय जिल्हे. आणि २०२१ या एकाच वर्षात तिन्ही ठिकाणचे प्रमुख पायउतार झाले. न्यूयॉर्कचे रिचर्ड करॅन्झा मार्चमध्ये गेले. साथीत आपण अकरा आप्तस्नेही गमावले असून शोक करण्यास अवधी हवा, असे त्यांनी सांगितले होते. त्यांच्या जागी मीशा पोर्टर आल्या आणि नवे महापौर येताच जानेवारी २०२२ मध्ये डेव्हिड बँक्स आले. म्हणजे दहा महिन्यांत तिसरा प्रमुख. लॉस एंजेलिसचे ऑस्टिन ब्युटनर व शिकागोच्या जॅनिस जॅक्सन हे दोघेही जूनअखेर निघून गेले.

आता कुटुंबांच्या बाजूने पाहू. न्यूयॉर्कच्या शाळा १६ मार्च २०२० रोजी बंद झाल्या आणि २३ मार्चपासून दूरस्थ शिक्षण सुरू झाले. सप्टेंबरात शाळा उघडण्याची तारीख १० होती, ती २१ झाली. मग २१ तारखेला केवळ बालवर्ग आणि विशेष गरजांची मुले, प्राथमिक शाळा २९ ला व उरलेल्या १ ऑक्टोबरला असे ठरले. शहरातील चाचण्यांपैकी तीन टक्के बाधित आढळल्यास शाळा बंद करावयाच्या, असा नियम होता. तो १८ नोव्हेंबरला लागू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद! डिसेंबरात प्राथमिक शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा तो नियमच बाजूला ठेवला गेला. घरून शिकणाऱ्या मुलाला दर तिमाहीस प्रत्यक्ष शाळेत येण्याचा पर्याय मिळेल, असे आरंभी सांगितले होते. ऑक्टोबरअखेर मात्र पालकांना कळले, की नोव्हेंबरातील दोन आठवडे हीच काय ती संधी. पुढे मार्च २०२१ मध्ये, शिक्षणप्रमुख बदलल्यानंतर, आणखी एक संधी निघाली. मे महिन्यात जाहीर झाले, की येत्या वर्षी दूरस्थ शिक्षणाचा पर्याय मुळीच राहणार नाही.

यांतील प्रत्येक निर्णयामागे काही ना काही कारण होते, हे मान्य केले पाहिजे. विषाणूचे ज्ञान रोज बदलत होते. शिवाय सगळा दोष प्रमुखांच्या बदलीच्या माथी मारणेही अन्यायाचे ठरेल. कारण वरीलपैकी बहुतेक फेरफार एकाच प्रमुखाच्या आणि सर्वच्या सर्व एकाच महापौरांच्या कारकिर्दीत झाले. दुखणे अधिक खोल आहे. शाळेची योजना ही संस्थेची बांधिलकी न राहता त्या त्या वेळच्या पदाधिकाऱ्याची घोषणा बनली. माणूस बदलला काय किंवा त्याचे मत बदलले काय, घोषणा बदलण्यास एक पत्रकार परिषद पुरते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या सहजतेला मोठी किंमत असते. पण ती सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. शाळा हे मुलाच्या शिक्षणाचे स्थान असते, तसेच आईबापांच्या रोजगाराचा तो आधारही असतो. मूल आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत जाणार म्हटल्यावर रुग्णालयातील मदतनीस किंवा दुकानातील कामगार स्त्री आपली पाळी बदलून घेते, शेजारणीशी बोलणी करते, प्रसंगी पगार सोडते. एका रात्रीत वेळापत्रक बदलले, की ही सगळी जुळवाजुळव वाया जाते. घरबसल्या नोकरी करू शकणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाला तोच बदल केवळ गैरसोयीचा वाटतो. म्हणजे अनिश्चितता हा एक प्रकारचा करच आहे आणि तो मिळकतीच्या उलट्या प्रमाणात वसूल होतो.

पैसा नव्हता म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही. वॉशिंग्टनच्या सरकारने तीन कायद्यांद्वारे शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. न्यूयॉर्कने मुलांसाठी तीन लाख टॅब्लेट घेतले. तरीही निवारागृहांतील मुलांना इंटरनेटची जोडणी मिळावी, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात धाव घ्यावी लागली. यंत्र पोहोचले, त्याच्या पाठीशी असावी लागणारी व्यवस्था पोहोचली नाही.

नेतृत्वबदलाच्या संधिकाळात हे अधिकच जाणवते. लॉस एंजेलिसमध्ये ब्युटनर गेल्यापासून फेब्रुवारी २०२२ मध्ये अल्बर्टो कार्व्हाल्यो येईपर्यंत हंगामी प्रमुखांवर भार होता. नेमक्या त्याच काळात, घरूनच शिकू इच्छिणाऱ्या हजारो मुलांना ‘सिटी ऑफ एंजल्स’ या स्वतंत्र अध्ययनाच्या शाळेकडे वळविण्यात आले आणि वर्ष सुरू झाले तेव्हा तेथे शिक्षक अपुरे होते. शिकागोत नवे प्रमुख पेद्रो मार्टिनेझ येऊन काही महिनेच झाले होते. ४ जानेवारी २०२२ च्या रात्री शिक्षक संघटनेने दूरस्थ अध्यापनाचा कौल दिला, प्रशासनाने तो नाकारला आणि दुसऱ्या दिवसापासून ना प्रत्यक्ष ना दूरस्थ, असे पाच शालेय दिवस वाया गेले. पालकांना सूचना मिळाली ती एका रात्रीची.

या सगळ्याचा हिशेब पुढे मुलांच्या गुणपत्रिकेत उमटला. २०१९ व २०२२ मधील राष्ट्रीय मूल्यमापनाची तुलना केली, तर गणितात चौथीची सरासरी पाच आणि आठवीची आठ गुणांनी घसरली. थॉमस केन प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले, की दीर्घकाळ दूरस्थ राहिलेल्या शाळांत नुकसान अधिक आणि त्यांतही गरीब वस्त्यांतील शाळांचे सर्वाधिक झाले. जेथे शाळा प्रत्यक्ष भरत होत्या, तेथे गणितातील गरीब-श्रीमंतांमधील दरी फारशी रुंदावली नाही.

यावर उपाय काय? योजना कधीच बदलू नये, असा हट्ट कोणी धरणार नाही. परंतु ती कशी बदलावी, याचे नियम आधी ठरविता येतात. पर्याय निवडण्याच्या तारखा वर्षारंभी मंडळाच्या ठरावाने निश्चित व्हाव्यात. प्राणाशी गाठ असेल तेव्हाचा अपवाद वगळता, कोणत्याही बदलापूर्वी पालकांना किमान दोन आठवड्यांची सूचना मिळावी. तातडीने शाळा बंद करावीच लागली, तर रोजंदार कुटुंबांच्या लहान मुलांना सांभाळणारी केंद्रे त्याच दिवशी उघडावीत. नव्या प्रमुखाने चालू वर्षाची योजना पुढे चालवावी आणि ती मोडावयाची असल्यास कारणे लेखी द्यावीत. यांपैकी एकाही गोष्टीस अब्जावधी डॉलर लागत नाहीत.

कर्तबगार शिक्षणप्रमुख मिळणे हा सुदैवाचा भाग असतो. सामान्य कुवतीच्या प्रमुखाच्या हाताखालीही दिलेला शब्द पाळला जाईल, अशी व्यवस्था उभारणे हे मात्र राज्यकारभाराचे काम आहे. ज्या मातेने त्या शब्दावर विसंबून आपली पाळी बदलून घेतली, तिला कोणाची बदली झाली याच्याशी काही कर्तव्य नसते. तिने विश्वास टाकला होता तो शाळेवर.